अँबेसेडर मार्क ३ : इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवल्यापासून गरम झाली की बंद, शिवाय झटके

अँबी_पोवईनाका (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी अँबेसेडर मार्क ३, १९७७ ची, १४८९ सीसी पेट्रोल. वडिलांनी घेतलेली, आमच्याकडेच राहिलेली. मागच्या वर्षी इंजिनचं पूर्ण काम केलं. जुन्या लुकास डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) शाफ्टला खेळ आला होता. शाफ्ट डुलायला लागला की पॉइंटचा (कॉइलचा करंट तोडणारी-जोडणारी जोडी) गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो, आणि टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारला तर पुलीवरची खूण एका जागी थांबतच नाही. म्हणून लुकासच्या ४५डी पद्धतीचा नवा, बिनपॉइंटचा डिस्ट्रिब्युटर ऑनलाइन मागवून बसवला. आत हॉल सेन्सरचं (चुंबकाची चाहूल घेणारा सेन्सर) मॉड्यूल आहे, ते पॉइंटचं काम करतं. बाहेर दोनच वायरी येतात: लाल कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) प्लसला, काळी मायनसला. कंडेन्सर नाही, पॉइंट नाही.

थंड इंजिनला अर्ध्या सेल्फवर उठते. आयडल इतकं शांत कधीच नव्हतं. पण दोन तक्रारी आहेत.

एक, साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं की गाडी एकदम बंद पडते. खोकत नाही, दम तोडत नाही, चावी फिरवल्यासारखी बंद. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते.

दोन, हायवेला कराडच्या दिशेने जाताना मधूनच झटके मारते. हे गरम-थंड दोन्हीत होतं.

प्लग नवे, गॅप ०.०२५ इंच. कॅप, रोटर, एचटी वायरी (ठिणगी नेणाऱ्या जाड वायरी) नव्या. पेट्रोल फिल्टर बदलला. मिस्त्री म्हणतात डिस्ट्रिब्युटरच खराब आहे, परत पाठवा. परत पाठवण्याआधी नक्की काय बिघडलंय ते मला कळायला हवं. कुठून सुरुवात करू?

कृष्णाकाठ (सांगली)

आधी चार गोष्टी सांगा, मग पुढे बोलता येईल.

बॅटरीची कुठली बाजू बॉडीला आहे? जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. निगेटिव्ह अर्थसाठी बनवलेलं मॉड्यूल तिथे लावलं तर ते तत्क्षणी जळतं. तुमचं चालतंय म्हणजे ते बरोबर असणार, पण डोळ्यांनी बघून सांगा.

कॉइल कुठली आहे? नाव नको, ओहम सांगा. मल्टीमीटर सगळ्यात खालच्या ओहम रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो लिहून घ्या (साध्या मीटरच्या वायरीच ०.२–०.३ ओहम दाखवतात). मग कॉइलच्या दोन्ही वायरी काढून प्लस-मायनसमध्ये मोजा आणि पहिला आकडा वजा करा. इंजिन थंड असताना मोजा. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि वाईट कॉइल चांगली दिसते.

कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा रोध) आहे का? चिनीमातीचा पांढरा ठोकळा असतो, नाहीतर वायरिंगच्या जुडग्यातलीच रेझिस्टन्स वायर असते.

आणि इंजिन ते बॉडी अर्थची जाळीदार पट्टी जागेवर आहे ना? रंगकाम झालेल्या गाड्यांत ती पट्टी लावायची राहते किंवा रंगावरच बोल्ट आवळतात. मग सेल्फचा करंट चोकच्या केबलमधून परत यायला लागतो. चोकची नळी गरम लागत असेल तर तेच.

पसरणीचा (वाई)

भाऊ, मला हे पेट्रोलचं दुखणं वाटतं. घाट चढून गेल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, हा व्हेपर लॉकचाच प्रकार, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन ते अडतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल ७८ अंशालाच उकळतं आणि आपल्या इंजिनात पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या जवळून जाते. पाचगणीला जाताना पसरणी घाटात मी पंपावर ओलं फडकं गुंडाळून जातो, वरून बाटलीतलं पाणी सोडतो. जुन्या रबरी नळ्या असतील तर त्याही बदला, इथेनॉल त्यांना आतून सोलतं.

अँबी_पोवईनाका

कृष्णाकाठ दादा, निगेटिव्ह अर्थ आहे, बघितलं. अर्थची पट्टी आहे, खालचा रंग खरवडून परत आवळली. बॅलास्ट कुठे दिसला नाही. ओहम उद्या सकाळी थंड इंजिनवर मोजतो.

पसरणीचा, फडकं गुंडाळून बघितलं, फरक नाही. बंद पडल्यावर फिल्टरच्या काचेत पेट्रोल भरलेलं दिसतं.

तासगावकर (तासगाव)

मी स्पष्ट सांगतो, पॉइंट परत लावा. जुन्या गाडीची खरी किंमत यात आहे की ती रस्त्यात दुरुस्त होते. पॉइंट जळले तर पॉलिश पेपर मारा, गॅप ०.०१५ इंचावर आणा, कंडेन्सर खिशात ठेवा, गाडी घरी येते. मॉड्यूल मेलं तर टोइंग. द्राक्षाच्या हंगामात बागेतून बेदाण्याच्या शेडवर माझी अँबेसेडर रोज जाते, पॉइंटवरच.

कृष्णाकाठ

तासगावकर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्यांच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्टच झिजलाय. त्यावर नवे पॉइंट लावून गॅप टिकणार नाही. शिवाय हल्ली बाजारात येणाऱ्या पॉइंटची फायबर टाच लवकर झिजते, आणि टाच झिजली की गॅप कमी होऊन टायमिंग मागे जातं. तो जुना डिस्ट्रिब्युटर टाकू मात्र नका. चांगल्या लेथवाल्याकडे ब्राँझचा बुश बसवून घ्या, गॅप लावून डिकीत ठेवा. तेलात भिजवलेला सच्छिद्र बुशच बसवायला सांगा. साधा घन ब्राँझ घातला तर तिथे तेल टिकत नाही.

अण्णा_मिरज (मिरज)

धागा सगळा वाचला. माझं मिरजेत वायरिंगचं दुकान हुतं, आता पोरगा बघतो. मी शिकलो तेव्हा कॉइल अन् पॉइंटच सगळं हुतं, त्येवढ्यावरनं सांगतो.

लेकरा, ह्या दोन तक्रारी येगळ्या धर. एकच कारण शोधत बसलास तर दोन्ही सापडणार न्हाईत. आधी बंद पडायचं बघू, झटक्यांचं मागनं.

बंद पडल्यावर पहिला प्रश्न एकच: ठिणगी गेली का पेट्रोल? त्याला अंदाज लावायचा न्हाई. टायमिंग लाइट असंल तर त्याचा चिमटा कॉइलपासनं कॅपच्या मधोमध जाणाऱ्या जाड वायरीवर लाव, एक नंबरच्या वायरीवर न्हाई. मग शेजारी कुणाला तरी सेल्फ मारायला लाव. लाइट लुकलुकतोय म्हणजे ठिणगी हाय, मग पेट्रोलकडं जा. लाइट मेलेला म्हणजे पेट्रोलला हात लावायचा न्हाई. टायमिंग लाइट नसंल तर जुना प्लग जाड वायरीला लावून ब्लॉकला घट्ट टेकव. मोकळा सोडू नको. ठिणगीला जायला वाट मिळाली न्हाई तर ती कॉइल न्हाईतर मॉड्यूलच्या आतनं वाट काढती, अन् चांगलं मॉड्यूल तपासताना मरतं.

ठिणगी नसंल तर टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरी प्लसला, दुसरं कॉइलच्या मायनसला. सेल्फ मार. दिवा लुकलुकला तर मॉड्यूल काम करतंय, कॉइल न्हाईतर रोटर बघ. दिवा नुसता जळत ऱ्हायला न्हाईतर अजिबात लागला न्हाई तर मॉड्यूल, त्याची वायर न्हाईतर त्याचा अर्थ.

अन् तिसरं, हे सगळे इसरत्यात: कॉइलच्या प्लसवर बारा व्होल्ट हाईत का, ते करंट वाहत असताना बघायचं. नुसती चावी ऑन करून मीटर लावला तर कुजक्या वायरीतनं बी बारा दिसत्यात. मॉड्यूलची काळी वायर कॉइलच्या मायनसवरनं सोड. मायनसचा खुंट एका वायरीनं बॉडीला जोड. जाड वायरीचं टोक ब्लॉकला टेकवून ठेव. चावी ऑन कर अन् मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं कॉइलच्या प्लसवर लाव. जो आकडा येतो त्येवढे व्होल्ट वाटेत गेले. अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त गेले तर चावीचा स्विच, फ्यूजचा डबा, बुलेट कनेक्टर, ह्यातलं काहीतरी खातंय. हे चटकन करायचं, मिनिटभर चालू ठेवायचं न्हाई, कॉइल तापती.

अँबी_पोवईनाका

अण्णा, तुमच्या क्रमाने गेलो. आकडे लिहितो.

कॉइल, थंड: मीटरवर १.६, प्रोबचे ०.२ वजा, म्हणजे १.४ ओहम.

करंट वाहत असताना बॅटरी प्लस ते कॉइल प्लस: १.२ व्होल्ट.

बंद पडल्यावर यवतेश्वरच्या वर: टायमिंग लाइट मेलेला. टेस्ट लॅम्प एकसारखा जळत राहिला, लुकलुकला नाही. कॉइलला हात लावला तर टेकवत नाही इतकी गरम. थंड झाल्यावर तोच दिवा नीट लुकलुकायला लागला.

कृष्णाकाठ

हे घ्या, सापडलं. १.४ ओहमची कॉइल ही बॅलास्टबरोबर वापरायची कॉइल आहे. बॅलास्टचा साधारण दीड ओहम धरून एकूण तीनच्या आसपास व्हायला पाहिजे. तुमच्याकडे बॅलास्ट नाही, म्हणजे सगळा भार कॉइल आणि मॉड्यूलवर.

हिशोब मांडतो. ३ ओहमची कॉइल १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेते, म्हणजे ४८ वॅट. १.४ ओहमची कॉइल साडेआठ अँपिअर घेईल, १०० वॅटच्या वर. चालू इंजिनात करंट सारखा वाहत नाही, मधे तुटतो, त्यामुळे सरासरी कमी येते, पण प्रमाण तेच राहतं. दुप्पट करंट. तो करंट मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर तोडतो-जोडतो, आणि ते मॉड्यूल बसलंय डिस्ट्रिब्युटरच्या पोटात, गरम ब्लॉकला चिकटून. पॉइंटवर हीच कॉइल असती तर पॉइंट काळे पडले असते आणि गाडी रडतखडत चालली असती. सेमीकंडक्टर तसं रडत नाही. ठरावीक तापमानापर्यंत उत्तम, त्यानंतर काहीच नाही. म्हणून तुम्हाला चावी फिरवल्यासारखं वाटतं.

काही महागड्या मॉड्यूलमध्ये करंट स्वतः मर्यादित करायची सोय असते. तुमच्या डिस्ट्रिब्युटरबरोबर आलेल्या कागदावर किमान ओहम लिहिलेला असेल, तो वाचा.

अँबी_पोवईनाका

कागदावर लिहिलंय: कॉइल ३ ओहम किंवा जास्त. ही कॉइल इंजिनच्या कामाच्या वेळी दुकानदाराने "हीच चालते" म्हणून दिली होती.

अण्णा_मिरज

दुकानदार गाडीचं नाव इचारून कॉइल देत्यात, ओहम कुणी इचारत न्हाई. कॉइलच्या डब्यावर "बॅलास्टसह वापरा" असं बारीक छापलेलं असतं कधी कधी, कधी नसतं बी. मीटरच खरा.

आता ३ ओहमची कॉइल टाक. अन् ते १.२ व्होल्ट सोडू नको. नव्या कॉइलला करंट निम्मा, म्हणून गळती बी निम्मी दिसंल, पॉइंट सहा व्होल्टाच्या आसपास येईल, पण कारण तिथंच ऱ्हाईल. चावीचा स्विच जुना हाय, आतलं पितळ झिजलंय. रिले लाव, म्हंजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. चार पायांचा साधा हॉर्नचा रिले चालतो: ३० नंबरला बॅटरीकडनं १० अँपिअरच्या फ्यूजमधनं वायर, ८७ वरनं कॉइल प्लस अन् मॉड्यूलची लाल, ८६ ला चावीची जुनी वायर, ८५ बॉडीला. चावीच्या स्विचवर मग नुसता रिलेचा भार ऱ्हातो.

अन् इंजिन बंद असताना चावी ऑन ठिवून रेडिओ ऐकायचा न्हाई. रोटर नेमका त्या जागी थांबला असंल तर कॉइलमधनं सारखा करंट वाहतो. पॉइंटच्या गाडीला बी हे वाईटच हुतं, ह्या मॉड्यूलला त्याहून वाईट.

तासगावकर

अण्णा, रिले म्हणजे आणखी एक बिघडणारी वस्तू नाही का झाली?

अण्णा_मिरज

झाली. पण रिले कुठल्याबी खेड्यात इलेक्ट्रिकवाल्याकडं मिळतो, अन् नाही मिळाला तर ३० अन् ८७ च्या वायरी एकत्र पिळून घरापर्यंत येता येतं. घरी आल्यावर सोडायच्या, न्हाईतर गाडी चावीनं बंद हुणार न्हाई. कुजका चावी-स्विच डॅशबोर्डामागं शोधत बसण्यापेक्षा बरं.

अँबी_पोवईनाका

नवी कॉइल, ३.१ ओहम. रिले बसवला. आता करंट वाहत असताना ०.१५ व्होल्ट जातात. भर दुपारी यवतेश्वर चढून कासपर्यंत, तिथून बामणोलीला उतरून परत वर. एकदाही बंद पडली नाही. कॉइल कोमट लागते, हात ठेवता येतो. मिस्त्रींना फोन करून सांगितलं, त्यांनाही आनंद झाला, ते स्वतः येऊन वायरिंग बघून गेले.

झटके मात्र तसेच आहेत.

पसरणीचा

वा, पहिलं निकाली निघालं! झटके असतील तर आता कार्ब्युरेटर बघा. मिश्रण पातळ झालं की असंच होतं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढतेय का बघा, आयडलवर सांध्यांवर कार्ब क्लीनर मारा, आवाज बदलला तर तिथेच गळती.

अँबी_पोवईनाका

मारून बघितलं, आवाज बदलत नाही. चोक थोडा ओढून चालवलं तरी झटके तसेच.

अण्णा_मिरज

आता मला एक नीट सांग. झटके घाटात देती का सपाटीवर? पाय दाबल्यावर का सोडल्यावर? वेग किती?

अँबी_पोवईनाका

घाटात अजिबात नाही. यवतेश्वर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून चढते, एकसुद्धा झटका नाही. सपाटीवर ५०-६० च्या वेगाला, पाय नुसता टेकवलेला असताना. पाय जरा जास्त दाबला की झटके थांबतात. आयडललाही नाही.

अण्णा_मिरज

मग कार्ब्युरेटरला हात लावू नको. हे डिस्ट्रिब्युटरच्या पोटात हाय, अन् मॉड्यूल बी चांगलं असंल.

इचार कर. ठिणगी कमजोर असती तर झटके घाटात यायला पायजे हुते. पाय दाबला की सिलिंडरमधी दाब वाढतो, प्लगला ठिणगी मारायला जास्त ताकद लागती. कॉइल, रोटर, एचटी वायर ह्यांचं दुखणं चढावर दिसतं, सपाटीवर लपतं. तुझं उलटं हाय. हलक्या पायावर काय असतं जे जड पायावर नसतं? व्हॅक्यूम. कार्ब्युरेटरपासनं डिस्ट्रिब्युटरच्या चकतीला जी बारीक नळी जाती तिच्यात आयडलला ओढ नसती, कारण तिचं भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या वर असतं. हलका पाय दिला की पाकळी उघडती, भोक ओढीत येतं, चकती आतली प्लेट फिरवती अन् टायमिंग पुढं जातं. पाय पूर्ण दाबला की ओढ जाती, प्लेट परत मागं. म्हंजे तुझे झटके नेमके त्या येळेला, जेव्हा प्लेट फिरलेली असती.

त्या प्लेटवरच मॉड्यूल बसलंय. त्याच्या वायरी प्लेटबरोबर हलत्यात. जुन्या लुकासमधी बी हेच व्हायचं: प्लेटवरची कापडाच्या वेष्टणाची अर्थची लवचीक वायर आतनं तुटायची, वरनं धड दिसायची. सारखी वाकवून बैलगाडीची तार तुटती तशी. त्या काळी किती तरी लोकांनी ह्या एका वायरीपायी कार्ब्युरेटर बदलले.

तपासणी सोपी. व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरवरनं काढ, नळीचं तोंड एका स्क्रूनं बंद कर, न्हाईतर इंजिन फुकटची हवा ओढंल. तशीच हायवेला घेऊन जा. झटके गेले तर माझं बरोबर. ॲव्हरेज जरा कमी हुईल, बाकी काही बिघडत न्हाई.

कृष्णाकाठ

अण्णांच्या तपासणीला जोड देतो. घरी उभ्या गाडीवर खात्री करायची असेल तर जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलीची सिरिंज घ्या, तिला बारीक रबरी नळी लावून ती थेट डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम चकतीला जोडा. इंजिन आयडलवर चालू. दट्ट्या हळूहळू ओढा. टायमिंग पुढे जाईल तसं आयडल वाढेल, हे बरोबर आहे. वाढता वाढता एका जागी मिस मारायला लागलं किंवा बंद पडलं तर वायर. आणि दट्ट्या ओढून धरल्यावर तो आपोआप सुटायला लागला तर चकतीचा पडदा फाटलाय, ते वेगळं दुखणं.

टायमिंग लाइट तेव्हा जाड वायरीवरच ठेवा. मिस मारताना लाइटही चुकला पाहिजे.

अँबी_पोवईनाका

अण्णा, नळी बंद करून पार कराडच्या कोल्हापूर नाक्यापर्यंत गेलो आणि आलो. एकही झटका नाही.

मग सिरिंजने केलं. दट्ट्या साधारण निम्मा ओढला की इंजिन मिस मारतं, लाइटही त्याच क्षणी चुकतो. सोडला की नीट. दट्ट्या ओढून धरला तर जागेवर राहतो, म्हणजे पडदा धड आहे.

डिस्ट्रिब्युटर काढून टेबलावर घेतला. लाल वायर बॉडीच्या रबरी ग्रोमेटमधून बाहेर येते तिथे ती ताणलेलीच बसवलेली होती, आत काही ढील नाही. प्लेट फिरली की वायर ग्रोमेटच्या कडेवर वाकते. वेष्टण अखंड दिसतं, पण चिमटीत धरून वाकवलं की मीटरवरची कंटिन्युइटी जाते आणि येते. वेष्टण चिरल्यावर आत तांब्याची दोन-तीनच तंतू शिल्लक होती.

आता प्रश्न: वायर कुठली घालू?

अण्णा_मिरज

साधी पीव्हीसी वायर घालू नको, तेलात अन् उष्णतेत ती कडक हुती अन् परत तिथंच तुटती. सिलिकॉनच्या वेष्टणाची, बारीक तंतूंची मऊ वायर घे. बॅटरीवर उडणारी खेळण्यातली विमानं बनवणारी पोरं तीच वापरत्यात, सांगली-मिरजेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळती, साताऱ्यात बी मिळायला पायजे. दोन्ही बदल, काळी बी. लाल तुटली म्हंजे काळी त्याच वाटंवर हाय.

डाग (सोल्डर) मॉड्यूलच्या जवळ दे, पण वायर जिथं वाकती तिथं न्हाई. डाग दिलेली जागा कडक हुती अन् तिच्या कडेलाच वायर तुटती. डागावर हीट श्रिंक चढव. प्लेट एका टोकाला फिरवून, मग दुसऱ्या टोकाला फिरवून बघ, दोन्हीकडं ढील ऱ्हायला पायजे. ढील इतकी बी नको की रोटर न्हाईतर शाफ्टला घासंल. आत रोटरखाली वायर एका जागी प्लेटला बांध, म्हंजे वाकणं एकाच ठिकाणी हुईल अन् ते ठिकाण मधोमध असंल, टोकाला नसंल.

प्लेटचा अन् बॉडीचा अर्थ बी तपास. प्लेट नुसत्या टेकणीवर अर्थ घेत असंल तर त्याच सिलिकॉनच्या वायरीचा एक छोटा तुकडा प्लेटपासनं बॉडीला लाव.

परत बसवताना: एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. तो कॉम्प्रेशनला वर आला का हे पुलीच्या खुणेवरनं कळत न्हाई, खूण दर फेऱ्याला येती. रॉकरचं झाकण काढून बघ. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह नुकते एक मिटतोय, एक उघडतोय अशा जागी असले तर एक नंबर कॉम्प्रेशनला हाय. रोटर त्या येळेला ज्या खुंटाकडं बघतो तो एक नंबर, तिथनं घड्याळाच्या उलट १-३-४-२.

अँबी_पोवईनाका

दोन्ही वायरी बदलल्या, सिलिकॉनच्या. अर्थचा तुकडाही जोडला. टायमिंग लाइटने मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावलं, मग व्हॅक्यूम नळी जोडून परत तपासलं. सिरिंज पूर्ण ओढली तरी इंजिन एकसारखं. कराडला जाऊन आलो, झटका नाही. ॲव्हरेजही परत आधीसारखं येईल असं दिसतंय.

यवतेश्वरच्या शेवटच्या वळणावर मात्र जड पायाला थोडी टकटक ऐकू येते, नव्या डिस्ट्रिब्युटरपासूनच असावी, आधी झटक्यांच्या धास्तीत लक्ष नव्हतं. वजनांचा ॲडव्हान्स (वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली वजनं टायमिंग पुढे नेतात तो) जास्त असेल का?

कृष्णाकाठ

शक्य आहे. हे ४५डी पद्धतीचे डिस्ट्रिब्युटर बऱ्याच वेगवेगळ्या इंजिनांना चालावेत म्हणून एकाच स्प्रिंगांच्या जोडीने येतात. त्यांचा ॲडव्हान्स तुमच्या १४८९ च्या मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळेलच असं नाही. व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, टायमिंग लाइट एक नंबरवर लावा आणि आयडलपासून वर वर नेत कुठल्या आरपीएमला किती अंश पुढे जातं ते कागदावर लिहा. मॅन्युअलच्या तक्त्याशेजारी ठेवा. शेवटचा आकडाच जास्त असेल तर आयडलचं टायमिंग दोन अंश मागे घेऊन टकटक जाते का बघा. शेवट बरोबर आणि मधेच लवकर पुढे जात असेल तर स्प्रिंग मऊ आहेत. तुमच्या जुन्या लुकासच्या स्प्रिंग मोजून त्यातल्या बसतात का ते बघू. टकटक चालू ठेवून घाट चढू नका, पिस्टनची वाट लागते.

पद्मिनी_कराड (कराड)

धागा वाचून माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीची कॉइल मोजली. १.५ ओहम येतोय, पण माझ्याकडे फायरवॉलवर बॅलास्टचा ठोकळा आहे. पॉइंट काढून मॉड्यूलचा किट बसवायचा विचार आहे. कॉइल बदलावीच लागेल का? लाल वायर कुठे जोडू?

अण्णा_मिरज

बॅलास्ट जागेवर असंल तर अन् किटच्या कागदावर बॅलास्टसह चालतं असं लिहिलं असंल तर कॉइल तीच ठेव. पण लाल वायर कॉइलच्या प्लसवर लावू नको. तिथं बॅलास्टच्या पलीकडं इंजिन चालू असताना सहा-आठ व्होल्टच ऱ्हात्यात, मॉड्यूलला ते पुरत न्हाईत. लाल वायर बॅलास्टच्या चावीकडच्या खुंटावर लाव, तिथं पूर्ण बारा मिळत्यात. कॉइलची प्लस वायर बॅलास्टच्या दुसऱ्या खुंटावर हाय तशीच ऱ्हाऊ दे. काळी मायनसला. अन् लावायच्या आधी आपल्या ह्या पोरानं केलं तसं करंट वाहत असताना बॅटरी ते बॅलास्टच्या चावीकडच्या खुंटापर्यंतचे व्होल्ट मोज आणि आकडा इथं टाक.

पद्मिनी_कराड

मोजला. ०.३ आला.

अण्णा_मिरज

चांगला हाय. रिलेची गरज न्हाई. बसव किट.